टिटवाळ्याच्या वाटेवरील खटखट

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड व आंबिवली ही दोन स्थानके मागे पडली की तिसरे येते ते टिटवाळा. आम्हां डोंबिवलीकरांस तेथे जाण्यासाठी आगगाडीइतके सोयीचे साधन दुसरे नाही, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. तरीही गेल्या आश्विनातील संकष्टीस आम्ही मोटार बाहेर काढली, याचे कारण आमच्या आत्याबाई. वय वर्षे ८१, दोन्ही गुडघे असहकार पुकारून बसलेले, स्थानकाचा जिना म्हणजे त्यांना सिंहगडाचा कडा. आणि मनात एकच हट्ट, की टिटवाळ्याचा गणपती पाहावयाचा राहिला आहे, तो पाहिल्यावाचून आपण कोठेही जाणार नाही. ‘कोठेही’ या शब्दाचा अर्थ विचारण्याचे धैर्य घरात कोणास झाले नाही.

आमची मोटार लहान आहे आणि तिला अकरा वर्षे झाली आहेत. दोन महिन्यांपासून तिच्या पुढील अंगातून एक आवाज येऊ लागला होता. लाकडी पेटीत सुटा वरवंटा ठेवून कोणी ती पेटी हिसकावी, तसा तो ‘खट्’ असा येई, आणि मागाहून कधी कधी दुसरा, जरासा हलका. शहरातील एका मोठ्या, थंडगार व चकचकीत कार्यशाळेत गाडी नेली. तेथील तरुणाने ती यंत्रावर उंच उचलली, खालून विजेरी फिरविली आणि ‘दोन्ही शॉकअप गेले’ असा निकाल दिला. बारा हजार रुपये मोजून आम्ही गाडी घरी आणली. पहिले दोन दिवस आवाज कमी झाल्यासारखा वाटला. बारा हजार रुपये खर्च झाल्यावर माणसास पुष्कळ गोष्टी वाटतात. तिसऱ्या दिवशी वरवंटा पुन्हा पेटीत आला. मग आम्ही मनाची समजूत घातली, की पावसाळ्यानंतरचे रस्तेच असे. गाडीने तरी काय करावे!

सकाळी आठास निघालो. पुढे आमच्या शेजारी आत्याबाई, मागे सौ. व तिची पिशवी. पत्रीपुलावरून जाताना आत्याबाईंनी जुना पूल कोठे गेला असे विचारले. तो शंभर वर्षांहून जुना, धोकादायक ठरल्यामुळे २०१८ साली उतरविला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला, ही माहिती आम्ही दिली. त्यावर ‘म्हणजे म्हातारे झाले की उतरवतात’ एवढेच त्या म्हणाल्या. शहाडचा पूल ओलांडून आम्ही मुरबाडच्या रस्त्यास लागलो. म्हारळ, वरप, कांबा अशी गावे एकामागून एक येऊ लागली. इमारतींची दाटी विरळ होऊन मधूनच भाताची पिवळी पडू लागलेली खाचरे दिसली. रायत्याच्या पुलाखाली उल्हास नदी तुडुंब वाहत होती. पुलाच्या तोंडाशी समोरून एक मालमोटार अंगावर आल्यासारखी आली. आम्ही जोराने ब्रेक दाबला, आणि खालून असा काही ‘खट्’ झाला की आत्याबाईंनी हातातली जपमाळ छातीशी धरली.

मागून सौ. शांतपणे म्हणाली, “अहो, खड्ड्यात वाजतं ते वेगळं. हे ब्रेक लावलात की वाजतं.”

“रस्त्याचा दोष आहे,” आम्ही म्हणालो.

गोवेलीपाशी मुरबाडचा रस्ता सोडून टिटवाळ्याकडे वळलो तेव्हाही तिने काही म्हटले असावे. आम्ही ऐकले नाही.

टिटवाळ्याचे देऊळ तळ्याच्या काठी आहे आणि काळू नदीही गावाला लागूनच वाहते. येथे कण्व मुनींचा आश्रम होता आणि दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेस मुनींनी येथेच गजाननाची उपासना करावयास सांगितले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. त्यामुळेच या देवास विवाहविनायक म्हणून लग्नाळू मुलामुलींचे आईबाप नवस बोलतात. कण्वाश्रम आपल्याच गावी होता असे म्हणणारी गावे उत्तरेकडेही आहेत, पण संकष्टीच्या दिवशी असा वाद काढणे बरे नव्हे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळी तळ्याचा गाळ उपसताना मूर्ती सापडली आणि रामचंद्र मेहेंदळे यांनी देवालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला, असे सांगतात. एकेकाळी स्थानकापासून देवळापर्यंत टांगे धावत; आता रिक्षा आहेत. दर्शन उत्तम झाले. आत्याबाईंना रांगेतील एका मुलीने हात धरून पुढे नेले आणि त्या देवासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की गुडघ्यांचा त्यांना विसरच पडला असावा.

परतताना, गाडी जेथे लावली होती तेथून वळवून बाहेर काढीत असता तो आवाज पुन्हा झाला. पावत्या फाडणारा मुलगा ओरडला, “काका, पुढचं चाक बघून घ्या, लय वाजतंय.” एक रस्त्यावरचा पोरगाही तेच सांगतो म्हटल्यावर आमचा अहंकार थोडा खाली आला. त्यानेच दाखविलेल्या वाटेने, पायी चालण्याच्या वेगाने, आम्ही एका मेस्त्रीच्या शेडपाशी गेलो. पत्र्याचे छप्पर, बाजूला आंब्याचे झाड, भिंतीवर पान्यांची ओळ. मेस्त्री पन्नाशीचा, मितभाषी.

त्याने गाडीस हात लावला नाही. प्रथम प्रश्न विचारले. आवाज लहान खडबडीवर येतो की मोठ्या खड्ड्यात? एकदाच होतो की सारखा? गाडी उभी असता सुकाणू फिरविले तर होतो काय? ब्रेक लावताना होतो, की सोडून पुढे निघताना? डावीकडून की उजवीकडून? आम्ही चाचपडू लागलो. दोन महिने तो आवाज आम्ही ऐकत होतो आणि त्याविषयी एका प्रश्नाचेही उत्तर आम्हांस देता येईना. तेव्हा सौ.ने पिशवीतून घरखर्चाची वही काढली. तिच्या मागल्या पानांवर तारखेनिशी नोंदी होत्या: सिग्नलशी थांबताना एक खट्, निघताना दुसरा, हलका, डावीकडून, बारीक खडीवर नाही, उभ्या गाडीत सुकाणू फिरवल्यास नाही.

“काकू, तुम्ही निम्मं काम केलंत,” मेस्त्री म्हणाला. आमच्याकडे त्याने पाहिले नाही, हा त्याचा चांगुलपणा.

पुढील तासाभरात आम्हांस जे शिकावयास मिळाले ते सविस्तर सांगतो, कारण मोटार आता पुष्कळ घरांत आहे. मेस्त्रीचे म्हणणे असे, की आवाज लोखंडातून धावतो. तो जेथे ऐकू येतो तेथेच उत्पन्न होतो असे नव्हे, म्हणून कानावर विसंबून सुटे भाग बदलणे म्हणजे अंधारात धोंडा मारणे. बारीक खडबडीवर सारखी खटखट होत असेल तर संशय प्रथम लिंक रॉडवर व त्या दांड्याच्या रबरी बुशांवर घ्यावा. वळताना वेग दिला की कटकट अशी मालिका लागली, तर चाकास फिरविणाऱ्या ॲक्सलचा सांधा पाहावा. उभ्या गाडीत सुकाणू फिरविताना टणत्कार झाला, तर शॉकअपच्या माथ्यावरील बेअरिंग किंवा सुकाणूच्या दांड्याचा सांधा. आणि ब्रेक लावताना एक, निघताना एक, असे दोन ठोके पडत असतील तर चाकास मागेपुढे सरकू न देणारे जे काही खाली आहे, ते सैल झाले आहे. ब्रेक लागताच चाक मागे ढकलले जाते आणि ढिलाई एका बाजूस संपते, तो पहिला खट्. निघताना ती दुसऱ्या बाजूस संपते, तो दुसरा. गणितासारखी गोष्ट!

तरीही त्याने क्रम सोडला नाही. गाडी चारी चाकांवर सपाट जमिनीवर असतानाच त्याने सुकाणू एका बाजूस वळविले आणि चाकामागून हात घालून लिंक रॉड हलवून पाहिले. एकच बाजू जॅकवर उचलली तर दांडा पिळला जाऊन लिंक ताणला जातो आणि त्यातील ढिलाई झाकते, हे त्याने सांगितले. आम्ही ते वहीत लिहून घेतले. लिंक घट्ट होते. मग त्याने आम्हांस सुकाणू बोटभर डावी-उजवीकडे हलवीत राहण्यास सांगितले व स्वतः टाय रॉडच्या टोकावर तळहात ठेवून बसला. डोळ्यांस न दिसणारी ढिलाई हातास कळते, वैद्यास नाडी कळते तशी. तेथेही काही नव्हते. मग डावे चाक जॅकवर घेऊन, खाली लाकडी ठोकळा लावून, त्याने ते वर-खाली धरून हलविले. चाक किंचित डुलले. “काका, ब्रेक दाबून धरा.” दाबला. तरी डुललेच. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली असती तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. थांबली नाही, म्हणून तो त्याच्या पलीकडचा. शेवटी त्याने खालच्या आर्मच्या टोकाशी टॉमी घालून हलकेच दाब दिला, आणि आमच्या डोळ्यांदेखत सांध्यात करंगळीचे नख जाईल एवढी फट पडली व मिटली. खट्.

तो बॉल जॉइंट होता. शाळेत शरीरशास्त्रात आपण उखळीचा सांधा शिकलो, तोच हा. गोल माथा आणि त्यास धरणारी वाटी. त्याच्यावरील रबरी टोपी फाटलेली होती आणि आतून वंगणाऐवजी तांबूस गढूळ पाणी ठिबकत होते.

“म्हणजे माझ्या खुब्यासारखंच की,” खुर्चीवर बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या. “वंगण संपलं.”

मेस्त्री प्रथमच हसला. पण लगेच गंभीर होऊन त्याने सांगितले, की हा माथा वाटीतून निसटला असता तर चाक आडवे पडून गाडी होती त्या जागी जमिनीवर बसली असती, आणि तेव्हा सुकाणू हातात असून नसल्यासारखे. रायत्याचा पूल, समोरची मालमोटार व छातीशी धरलेली जपमाळ, ही तिन्ही आमच्या डोळ्यांपुढे एकदम उभी राहिली. आम्ही जवळच्या ड्रमवर बसलो. सौ.ने पाण्याची बाटली पुढे केली. ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणे पुरेसे होते.

जुन्या गाड्यांच्या पुढील सांध्यांना ग्रीस भरण्याची बारीक तोंडे असत. सेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यास बनणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, आमच्या मामांकडे होती. ते रविवारी ग्रीसची पिचकारी घेऊन गाडीखाली शिरत आणि मामी चहा घेऊन ताटकळत उभी राही. याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवलीकडील कारखान्यात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्यूजो गाड्याही होत, हे डोंबिवलीच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. आताच्या लहान गाड्यांना बहुधा मॅकफर्सनची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही कल्पना फोर्डच्या इंग्लंडातील कॉन्सुल गाडीत १९५० च्या सुमारास आली. तीत शॉकअप व स्प्रिंग एकाच खांबात बसविलेले असून खाली एकच आर्म व एकच सांधा. तो सांधा बहुधा जन्मभरासाठी वंगण भरून बंद केलेला. पिचकारीची दगदग गेली, मामाही गेले. परंतु सांधा झिजू लागला आहे हे आता आठवड्याला कोणी हात लावून पाहत नाही. टोपी फाटली, पावसाळ्याचे पाणी शिरले, की पुढची सूचना तो स्वतःच ठोके देऊन करतो.

आमचे शॉकअप उगाच बदलले काय, असे विचारता मेस्त्रीने बाजू न घेता सांगितले, “तेल गळत असेल तर बदलायलाच हवेत. पण हा आवाज त्यांचा नव्हता.”

सांधा आर्मसकटच मिळतो, आणि तो कल्याणास. “गाडी इथून हलणार नाही,” हे त्याने अशा स्वरात सांगितले की आम्ही परत विचारले नाही. त्याचा पोरगा लोकलने कल्याणास गेला. सुटा भाग आणावयासही आगगाडीच उपयोगी पडली! आत्याबाई शेडमध्येच बसल्या, मेस्त्रीच्या आईशी गुडघ्यांच्या तेलाविषयी बोलत. आम्ही व सौ. काळूच्या काठापर्यंत चालत गेलो. पाणी मातकट होते. ऐन पावसात रुंद्याचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडील गावांची वाट बंद होते, असे तेथे कपडे धुणाऱ्या एका बाईने सांगितले. तिचा मुलगा टिटवाळ्याच्या शाळेत जातो. पूल बुडाला की त्यास सुटी. तो खूश असतो, ती नसते.

नदीवरून परतताना आम्ही सौ.ला म्हणालो, “वहीत लिहीत होतीस, तर बोलली का नाहीस?”

“बोलले होते. चार वेळा. त्याही तारखा आहेत.”

पोरगा चारास आला. आर्म बसण्यास दोन तास लागले, कारण एक बोल्ट गंजून धरून बसला होता आणि त्याने मेस्त्रीस घाम फोडला. उजव्या बाजूची टोपी शाबूत असल्याचे त्याने आम्हांस ओणवे करून दाखविले. चाकांचा कोन आता बदलला असेल, तेव्हा दोन दिवसांत अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका अंगाने खाईल, असे बजावले. मजुरी त्याने सांगितली ती ऐकून आम्ही अधिक देऊ केली. अधिकचे पैसे त्याने पोरग्याच्या हातावर ठेवले.

परतीस आम्ही रायत्याच्या पुलाअलीकडे मोकळा रस्ता पाहून मुद्दाम दोनदा ब्रेक दाबला. काही वाजले नाही. बारीक खडीवर मात्र एक पुसट कुरकुर ऐकू आली. तिच्याविषयी मेस्त्रीने आधीच सांगितले होते, की ती रबरी बुशांची आहे, दोन महिने थांबू शकते. सौ.ने वही काढून तारीख लिहिली आणि आम्हांस किलोमीटरचा आकडा विचारला. या वेळी आम्ही तो ताबडतोब सांगितला.

डोंबिवलीस पोहोचेतो साडेसात झाले होते. चंद्रोदयास अवकाश होता, मोदकांचे सारण सकाळीच करून ठेवलेले होते, आणि आत्याबाई गाडीतून उतरताना आमच्या खांद्यावर हात टेकून म्हणाल्या, “पुढच्या संकष्टीला माझ्या खुब्याकडे कोण बघतंय ते ठरवा.”