मुठीतलं माप

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा धरला. मुलांच्या मुठीचं बळ मोजायच्या जामार यंत्राखाली हात देऊन बसणं जमेना. यंत्राचा भार मुलाच्या मनगटावर येऊ नये म्हणून तो आधार आपणच द्यायचा असतो. शेवटी ते काम विद्यार्थिनीकडे सोपवलं, आणि तिथून माझी झोप उडाली.

नऊ वर्षांचा मुलगा, मनगटाजवळचं हाड मोडून जुळलेलं. पहिल्या भेटीत ६ किलो, दीड महिन्यानं माझ्याकडे ११. दोन दिवसांनी विद्यार्थिनीनं मोजलं, तर ८. खुर्ची तीच, कोपर काटकोनात, दांडी पहिल्या खाचेत, तीन प्रयत्नांची सरासरी. फरक आवाजाचा. ती एका सुरात ‘आता दाब’ म्हणते. मी ‘दाब, अजून, अजून, शाब्बास!’ म्हणत खोली दणाणून सोडते.

ही दांडी हाताला हललेली कळत नाही, हीच खरी अडचण. मोठ्या माणसाला ते सांगता येतं. मूल मात्र ती दबायची वाट बघतं, दबली नाही की आपलंच चुकलं समजून मूठ सैल सोडतं. रबरी फुग्याचं यंत्र मुलांना आवडतं, कारण फुगा हातात दबतो. पण ते बळ नव्हे, हवेचा दाब मोजतं, आणि फुगा लहानमोठा घेतला की आकडा बदलतो. तिन्ही प्रयत्न जवळजवळ आले की खरं मानावं, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. पण घाबरलेलं मूल तिन्ही वेळा सारखंच अर्धं दाबतं. तेरा वर्षांची मुलगी भावासमोर हात राखून दाबते, तिचा भाऊ श्वास कोंडून, खांदा उचलून, लालबुंद होऊन दाबतो. यातलं बळ किती आणि मन किती, हे काटा सांगत नाही.

शिबिरांत एकदाच दाबायला लावतात आणि तो आकडा मॅथिओवेट्झ यांच्या १९८६च्या मुठीच्या बळाच्या तक्त्याशी ताडून मुलाला ‘कमजोर’ ठरवतात. तक्ता अमेरिकेतल्या मुलांचा, मूल आपल्या खेड्यातलं. याचा मला संताप येतो, आजही येतो.

पण माझे केसपेपर काढून बसले तेव्हा घशाला कोरड पडली. पहिल्या भेटीत मूल दुखण्यानं भेदरलेलं असतं, म्हणून मी हळू बोलते. शेवटच्या भेटीत गर्जते. मधली वाढ आईबापांना दाखवून मी त्यांचे आभार घेतले, मनातून फुलले. त्यातले किती किलो मुलाचे आणि किती माझ्या आवाजाचे? माझ्याइतकं मुलांकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, हा मला गर्व होता. आकडा वर चढला की तो मला माझाच वाटायचा.

परवा हाड मोडलेला तो मुलगा पुन्हा आला. तबकडी विद्यार्थिनीकडे वळवलेली, मी भिंतीशी बसलेले. त्यानं ओठ दाबून मूठ आवळली, सोडली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. ‘शाब्बास’ माझ्या जिभेवर आला होता. अजून दोन प्रयत्न बाकी होते. मी तो गिळला.