तिरपा उजेड

वाडा पाडायचे ठरले, तेव्हा माजघराची छायाचित्रे घेण्याचे काम आमच्याकडे आले. वीज केव्हाच तोडलेली. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने भिंत कागदासारखी सपाट केली. मुलांच्या उंचीच्या, खिळ्याने ओढलेल्या रेघा पुसल्यागत झाल्या. भाड्याने आणलेल्या एलईडी पॅनेलचा पसरट उजेड चेहऱ्यांना बरा, भिंतींना नव्हे. अखेर कामी आली खिशातली टॉर्च. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, शटर ३० सेकंद उघडे. आणि टॉर्च भिंतीलगत, एकाच बाजूने. शिलालेखांच्या झिजलेल्या अक्षरांवरही असाच तिरपा उजेड टाकतात. (टॉर्चची निळसर झाक मागाहून सुधारता येते.) रेघारेघेला सावली आली. सर्वांत खालच्या रेघेशी एक नाव उमटले, लहानपणीच गेलेल्या आत्याचे. घरात ते कुणी उच्चारलेले आम्ही ऐकले नव्हते.