त्याच गल्लीत, त्याच्याच चिठ्ठ्या

2018 च्या विधानसभेला ज्या आमदाराला पाडायचं म्हणून आम्ही गल्लीन्‌गल्ली पालथी घातली, त्याच्याच नावाच्या चिठ्ठ्या डिसेंबर 2019 मध्ये माझ्या हातात ठेवल्या गेल्या. तो राग अजून गेलेला नाही.

आमचं घर बेंगळुरूतलं, जुन्या जनसंघाचं. जगन्नाथराव जोशींना वडिलांनी मराठीतही ऐकलं, कन्नडमध्येही. जून 1975 मध्ये वाजपेयी, अडवाणी याच शहरात पकडले गेले, सोबत समाजवादी मधू दंडवते. विचार वेगळे, तुरुंग एक, हे वडील अभिमानाने सांगायचे.

2019 च्या जुलैचं नाट्य सगळ्यांना ठाऊक आहे. काँग्रेस-जेडीएसचे फुटीर आमदार, मुंबईतलं हॉटेल, 99 विरुद्ध 105 ने पडलेलं कुमारस्वामी सरकार. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये या फुटीरांची अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढायला मोकळीक दिली. आमच्या पक्षाने, भाजपने, बहुतेकांना लगेच तिकिटं दिली; त्यांत आमचा हा आमदारही.

आमच्या बूथवरचा एक कार्यकर्ता तीस वर्षं सतरंज्या उचलत आलेला. 2018 मध्ये टँकरच्या पाण्यावरून या आमदाराविरुद्ध पत्रक काढलं, त्याचा मजकूर त्याचाच. आता तो खाली मान घालून नव्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मोजत होता. माझ्याकडे बघेना. एका घरी आजींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन फोटो पाहिला आणि विचारलं, ‘‘इव्नु अव्ने अल्वा?’’ हा तोच ना? हो म्हणालो. त्यांनी चिठ्ठी परत माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. मी उरलेला गठ्ठा कार्यालयात नेऊन ठेवला. तिथला पदाधिकारी, माझ्या मुलाच्या वयाचा, मला म्हणाला, ‘‘सर, आधी सरकार टिकायला हवं.’’

त्याचं अगदीच खोटं होतं असंही नाही. त्याच वर्षी 5 ऑगस्टला 370 कलमाचा निर्णय झाला तेव्हा मी स्वतः पेढे वाटले होते. सत्ता नसती तर ते झालं असतं का? हा प्रश्न मला झोपू देत नाही. मतही मी कमळालाच दिलं, दुसरीकडे बोट वळेना.

पोटनिवडणुकीत 15 पैकी 12 जागा आल्या. पुढे त्याच फुटीरांपैकी एस. टी. सोमशेखर यांनी 2024 च्या राज्यसभा निवडणुकीत काँग्रेसला मत दिलं. धक्का बसल्यासारखं पक्षाने का करावं? पुण्याचा मावसभाऊ मला तत्त्वं शिकवायचा. जुलै 2023 मध्ये अजित पवार महाराष्ट्रात आमच्या सरकारात आले, तेव्हापासून तो राजकारणाचा विषयच काढत नाही. त्याच पवारांविरुद्धचे सिंचन घोटाळ्याचे कागद आमच्या नेत्यांनी बैलगाडीतून नेलेले त्याने टाळ्या वाजवून पाहिले होते.

दुसऱ्या पक्षातून माणसं येणारच. पण आलेल्याने एक पूर्ण निवडणूक तिकिटाविना काम करावं, बूथवर बसावं, सतरंजी उचलावी. एवढा नियम पक्षाला स्वतःच्या घटनेत लिहिता येतो, त्याला न्यायालय लागत नाही. मी तसं लेखी कळवलंय. उत्तर नाही. पुन्हा लिहिणार आहे, आणि या वेळी त्या कार्यकर्त्याचीही सही मागणार आहे.