शिमोनला कुणी विचारलं नव्हतं

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात काय सोडायचं, हे आमच्या वसईतल्या घरात लहानपणापासून ठरलेलं. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी उपवास, म्हणजे एकदाच पोटभर जेवण. शुक्रवारी मटण-कोंबडी बंद. चर्चच्या नियमात मासळी बसते, पण आमच्याकडे मासळी हीच मेजवानी, म्हणून आई तीही आणत नसे. हे सगळं मला जमतं. काय सोडायचं आणि ईस्टरला पुन्हा काय धरायचं, दोन्ही माझ्याच हातात असतं ना!

यंदा आमच्या फादरांनी वेगळंच सांगितलं. खाण्यापिण्याचं करताच आहात, आता आयुष्याचा लगाम देवाच्या हाती देऊन बघा. मी गोंधळले. साखर सोडली की चहा प्यायल्यावर कळतं. लगाम सोडला की नाही, हे कशावरून ओळखायचं? मुलाची दहावी तोंडावर आलेली. कोणत्या दिवशी कोणता धडा, हे मीच आखून फ्रिजवर चिकटवलं होतं. तो कागद फाडून टाकायचा का?

मिस्सा झाल्यावर फादरांना गाठलं. ते म्हणाले, काम सोडू नकोस, फळावरचा हक्क सोड. गीतेमुळे ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाच्या कानावरून गेलेली असते. ऐकायला काहीच जड नाही. त्यांनी चार्ल्स दे फूको या फ्रेंच संताबद्दलही सांगितलं. सहारा वाळवंटात राहून त्याने सोबत्यांची वाट पाहिली, त्यांच्यासाठी नियम लिहून ठेवले. १९१६ साली त्याची हत्या झाली, तोवर त्याच्या वाटेने चालणारा संघ उभा राहिला नव्हता. येशूचे लहान बंधू हा संघ १९३३ साली सुरू झाला. त्याने तो पाहिलाच नाही. हे ऐकून मला आधार वाटण्याऐवजी भीतीच वाटली.

आणि त्याच सुमारास आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. तिच्या उशाशी बसून मी डोक्यात उद्याचं मांडत होते: डबा कोण करणार, पेपरला कोण सोडणार, रजा किती उरली. आईला ते दिसत असावं. म्हणाली, “बाय, आता इथं आहेस ना, मग इथंच राहा.” तिकडे मुलाने स्वतः कुकर लावला, शेजारच्या मुलाबरोबर रिक्षाने पेपरला गेला.

शुक्रवारी इस्पितळातून थेट चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवणाऱ्या प्रार्थनेला गेले. उशीर झाला होता, पाचवं स्थान चालू होतं. कुरेनेकर शिमोन. शेतावरून येत असलेला माणूस; शिपायांनी धरला आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मार्क तर त्याच्या मुलांची नावंही सांगतो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे त्यालाही घर होतं, उद्याची कामं होती. मी इतकी वर्षं उपवास निवडत आले. आईच्या उशाशी बसणं हा न निवडलेला उपवास होता, आणि फादर म्हणत होते तो बहुधा हाच.

मात्र एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. गेथशेमाने बागेत येशूनेही आधी तो प्याला टळावा म्हणून विनवणी केली, मगच पित्याच्या इच्छेवर सोडलं. म्हणजे मागणं मागायला मनाई नाही. आईचं दुखणं थांबू दे, असं मी रडून मागितलं आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही.

आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते. मुलाचा निकाल अजून लागायचा आहे. माझं काम कुठे संपतं आणि देवाचं कुठे सुरू होतं, ही रेघ मला अजून दिसलेली नाही. ज्यांनी हा काळ अनेक वर्षं मनापासून पाळला आहे, त्यांनी ती कशी ओळखली ते लगाम सोडण्यात नवख्या असलेल्या माझ्यासारख्यांना जरूर सांगावं.