जुन्याची नवी सेवा

नवा राउटर आला म्हणजे जुना बहुधा अडगळींत पडतो. परंतु आमच्या अभ्यासिकेंत बिनतारी लहरी नीट पोंचत नसत. म्हणून आम्हीं जुन्यासच तेथें स्विच नेमिलें. दोघांचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१, होता, जुन्याचा बदलून १९२.१६८.१.२ केला. एका घरांत यंत्रांना पत्ते वाटणारे दोन धनी झाले, तर घोटाळा ठरलेलाच. यास्तव जुन्याचें डीएचसीपी बंद केलें. मग नव्याच्या लॅन पोर्टांतील केबल जुन्याच्याही लॅन पोर्टांतच जोडली. वॅन पोर्ट रिकामें ठेविलें. आतां मुलांचे दोन संगणक व प्रिंटर त्याच्यावर सुखानें चालतात, आणि नवा खर्चही पडला नाहीं. विद्यार्थिमित्रहो, धनीपण सुटलें तरी सेवा उरते. तिचें मोल कांहीं कमी नव्हे.