अम्मीला गाडी लागते

मागच्या वर्षी सातवीच्या एका मुलाने 'माझा आवडता ऋतू' या निबंधात लिहिलं होतं, "शरद ऋतूत झाडांची सगळी पाने गळून पडतात." मी लाल पेनाने खाली रेघ ओढली आणि एक गुण कापला. पोरगं वही घेऊन आलं. "टीचर, उर्दूच्या पुस्तकात खिजाँ आहे ना? खिजाँ में पत्ते गिरते हैं. मग मराठीत खिजाँ म्हणजे काय?"

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना असे प्रश्न रोजचेच. एक भाषा इराणच्या बागांमधून आलेली, दुसरी सह्याद्रीच्या पावसात वाढलेली, आणि दोन्ही एकाच दप्तरात. मी त्याला सांगितलं, आपल्याकडे शरदात पानं गळत नाहीत. शरदात पाऊस संपतो, आकाश निवळतं, कोजागरी येते. पानगळ शिशिरात. मालेगावच्या आसपास लिंब, पिंपळ, साग उघडे पडतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी जाताना. आपली झाडं पानं टाकतात ती पाणी वाचवायला. थंड मुलखातली झाडं टाकतात ती हिवाळ्याच्या भीतीने.

मुलगा गेला, पण मीच अडकून बसले. कारण ही खिजाँ आमच्या घरात खूप जुनी आहे.

अब्बा उर्दूचे शिक्षक होते. नोकरीभर खिजाँ, बहार, चिनार शिकवत राहिले. चिनार पाहिला होता का? एक पान पाहिलं होतं. हिवाळ्यात आमच्या गल्लीत काश्मिरी शालवाले यायचे, गाठोडं सायकलला बांधून. त्यातल्या एकाने अब्बांना चिनारचं वाळलेलं पान आणून दिलं. उघड्या पंजासारखं, चहाच्या रंगाचं. ते अजून त्यांच्या फीरोजुल्लुगातमध्ये आहे. अब्बा जाऊन सहा वर्षं झाली. "रिटायर झाल्यावर जाऊ," असं ते अम्मीला म्हणायचे. रिटायर झाल्यावर भावाचं लग्न निघालं, मग घराचा स्लॅब, मग त्यांचं आजारपण.

गेल्या डिसेंबरात अम्मीच्या डोळ्यांची तपासणी झाली. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालंय. आता कळलं की दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: जी नजर गेली ती परत येत नाही, थेंब टाकत राहिलं तर उरलेली जास्त दिवस टिकते. समोरचं तिला दिसतं. कडेचं दिसत नाही, म्हणून उंबरठ्याला ठेचाळते, बाजूने आलेली रिक्षा तिला अचानक उगवल्यासारखी वाटते. घरी येताना रिक्षात ती काही बोलली नाही. रात्री मात्र म्हणाली, "चिनार तो सामने खड़ा रहता है ना?"

तर ठरलं. प्रश्न फक्त कसं जायचं एवढाच होता.

अम्मीला गाडी लागते. कार, जीप, ट्रॅक्स, काहीही असो. अर्ध्या तासात डोकं धरते आणि पुढच्या पंधरा मिनिटांत पिशवी मागते. लिंबू, आलं, गोळ्या, वर्तमानपत्रावर बसणं, सगळे उपाय झालेत. रेल्वे तिला अजिबात लागत नाही. रेल्वेत ती शेजारणींना लोणच्याची कृती सांगत बसते. माझ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स आहे, पण ते ओळखपत्र म्हणूनच वापरते. एकदा भावाची गाडी आमच्याच फाटकाच्या खांबावर घातली, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. विमान दिवाळीच्या दिवसांत आमच्या बजेटबाहेर जातं. आणि काश्मीरची सहल म्हटलं की लोक सांगतात, श्रीनगरला उतरा आणि पाच दिवसांची गाडी करा. म्हणजे रोज तीन-चार तास घाटात. अम्मी चिनारऐवजी पिशवीच बघेल.

मग मी नकाशा घेऊन बसले आणि लक्षात आलं की चिनार बघायला गाडी लागतच नाही. गाडी लागते ती बर्फाच्या आणि कुरणांच्या 'पॉइंट'साठी. चिनार शहरात आहेत, बागांत, दर्ग्याजवळ, विद्यापीठात, नदीकाठी.

तारखांचं गणित मात्र किचकट. काश्मिरी लोक या ऋतूला हरुद म्हणतात. चिनार ऑक्टोबरच्या अखेरीस पिवळा पडायला लागतो, मग गंजासारखा, मग लाल. खरा जाळ बहुतेक नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. दिवसा ऊन आणि रात्री कडक थंडी असली की पानातला हिरवा रंग विरतो, खाली दडलेला पिवळा वर येतो, आणि लाल रंग नव्याने तयार होतो. आमच्या उर्दू शाळांना मोठी सुट्टी रमजानची, दिवाळीची मोजकीच. आणि आपली हिजरी सन तर सगळ्या ऋतूंमधून फिरते, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे. रमजानच्या सुट्टीत चिनार लाल दिसायला मला आणखी पुष्कळ वर्षं थांबावं लागेल. अम्मीकडे ती नाहीत. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, लवकर. यंदा अधिक महिना आला म्हणून लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. हिंदू पंचांगातल्या अधिक मासाचे एवढे आभार एखाद्या मोमीन बाईने याआधी मानले असतील असं वाटत नाही.

रस्ता असा ठरवलाय. ५ नोव्हेंबरला शाळा आटोपून मनमाड, तिथून रात्री झेलम एक्स्प्रेस. पुण्याहून निघणारी ही गाडी जम्मूपर्यंत जाते. नाव झेलमचं आणि पोचते तवीच्या काठावर, पण असो, खरी झेलम पुढे भेटेलच. जम्मूहून कटरा, तिथे एक रात्र विश्रांती, आणि सकाळी श्रीनगरची वंदे भारत. ही गाडी ६ जून २०२५ ला सुरू झाली नसती तर हा लेखच लिहिला नसता, कारण आधी जम्मू ते श्रीनगर म्हणजे घाटरस्ताच. आता तीन तासांच्या आसपास लागतात. चिनाब नदीवरचा पूल नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे, असं मी अम्मीला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मत बता." तसंही कटरा ते बनिहाल या १११ किलोमीटरमध्ये सुमारे ९७ किलोमीटर बोगदेच आहेत. बनिहालनंतर पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा बोगदा, आणि तो संपला की एकदम खोरं.

भावाने ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पहलगाम विसरलीस का?"

विसरले नाही. २२ एप्रिल २०२५ ला तिथे २६ माणसं मारली गेली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्राची. धर्म विचारून मारलं. पर्यटकांना वाचवताना घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही गेला. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणाच्या घशाखाली डबा उतरत नव्हता. आणि आता मी जायचं म्हणते तेव्हा दुसऱ्या शाळेतल्या एक ओळखीच्या बाई सहज म्हणून जातात, "तुम्हाला काय भीती, तुमचेच लोक ना तिथं?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण घरी येईपर्यंत ते वाक्य पायात काट्यासारखं चालत होतं. माझे लोक सटाण्याचे, मनमाडचे, मालेगावचे. काश्मिरी मला येत नाही. तिथल्या बाजारात मी मराठी पर्यटकच असेन, आणि वाटेत आधार कार्ड बघणाऱ्याला माझ्या नावात काय दिसेल ते त्याचं त्याला ठाऊक. भीती मलाही आहे. भावाला तसं सांगितलं. निघायच्या आधी बातम्या बघू, काही वाटलं तर तिकीट रद्द करू, असं ठरलं. तो अजून गप्प आहे, पण परवा अम्मीसाठी गरम मोजे आणून टेबलावर ठेवून गेला.

श्रीनगरला स्टेशन नौगामला, शहराच्या बाहेर. तिथून शहरात जायला आणि राहण्याच्या जागेपासून फिरायला बस बघायची. श्रीनगरमध्ये आता इलेक्ट्रिक बसही धावतात. बस लागते का? लागते, पण शहरात हळू चालते आणि हवं तिथे उतरता येतं. एक पूर्ण दिवस हजरतबल आणि त्याला लागून असलेल्या नसीम बागेसाठी. मुघल काळातली ही बाग आज काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे आणि तिथे कारंजी वगैरे काही नाही, फक्त चिनार. अम्मीला दर्ग्यात नमाज पढायची आहे, मग झाडाखाली बसायचं आहे, बस्स. मी यादी वाचायला लागले, शालिमार, निशात, दलमधलं चार चिनार, तर म्हणाली, "एक झाड बस है."

दुसरा एक दिवस मी माझ्यासाठी ठेवलाय, लोकल रेल्वेचा. बनिहाल-बारामुल्ला मार्गावर साध्या गाड्या चालतात. त्यात बसून पांपोर, अवंतीपोरा करत बिजबेहाराला उतरायचं. पांपोरला केशराची शेतं आहेत. फुलं ऑक्टोबरच्या अखेरीपासून, आम्हाला शेवटची काही दिसली तर नशीब. बिजबेहाराला झेलमच्या काठी दारा शिकोहच्या नावाची बाग आहे, जुन्या चिनारांची. दारा शिकोहने उपनिषदांचं फारसी भाषांतर करवलं होतं. एका भाषेतलं दुसरीत नेताना अडकलेला माणूस म्हटल्यावर मला तिथे जाणं भागच आहे.

आणखी एक गंमत वाचली. काश्मिरात चिनारांची मोजणी करून त्यांना 'ट्री आधार' देताहेत, झाडावर क्यूआर कोड लावून. चिनार तोडायला तिथे बंदी आहे, स्वतःच्या अंगणातला असला तरी. माझ्या वर्गातल्या तीन मुलांचं आधार अजून पोर्टलवर जुळत नाहीये.

धोका एकच, आम्ही पोचायच्या आधी पाऊस-वारा झाला तर पानं गळून गेलेली असतील. हे मी अम्मीला सांगितलं. तिथले लोक पडलेली पानं झाडून ढीग करतात, जाळून त्यांचा कोळसा करतात आणि थंडीत तो कांगडीत भरतात, हेही सांगितलं. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "झाडायच्या आधी पोचलं म्हणजे झालं. खाली बघायला मला सोपं जातं."

हल्ली ती रोज असरनंतर गल्लीच्या टोकापर्यंत चालून येते. बसच्या पायरीची सवय व्हावी म्हणून मी ओट्याजवळ एक लाकडी पाट ठेवलाय, त्यावर दहा वेळा चढ-उतार. ठेचाळली की पाटाला शिव्या देते.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ६ सप्टेंबरला, सकाळी ८ वाजता. त्या दिवशी रविवार आहे, शाळेची घाई नाही. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे, पण ४५ च्या वरच्या बाईला लोअर बर्थचा कोटा मिळतो, एकटी किंवा दोघीच असल्या तर. मी मार्चमध्ये ४६ ची झाले. दोघींनाही खालचा बर्थ मिळू शकतो. मोबाइलमध्ये पावणेआठचा गजर लावलाय. अम्मीने साडेसातचा लावायला सांगितलाय.

आणि त्या निबंधाचा एक गुण. काश्मीरच्या मुलाने तेच वाक्य लिहिलं असतं तर ते बरोबर होतं. तिथे आश्विन-कार्तिकातच पानं गळतात. तो मुलगा आता आठवीत आहे. कालच त्याला बोलावून वही मागितली. म्हणाला, "टीचर, रद्दीत गेली."