कडीचा रुपया

काकूंनी रुपया आणला तो चिंच लावून लखलखीत घासूनच. वर म्हणाल्या, "तुला नीट दिसावा म्हणून हो." नाणी जमवणाऱ्याच्या पोटात अशा वेळी कसा गोळा येतो, ते इतरांना सांगून कळत नाही. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर म्हणजे नाण्याच्या वयाची साक्ष, ती एका दुपारीत गेली होती. शिवाय राजाच्या मुकुटावर कडी झाळलेली. रुपया त्यांच्या सासूबाईंच्या माळेतला.

साल मात्र 1911. पंचम जॉर्जचा हा पहिला रुपया. राजाच्या अंगरख्यावरच्या हत्तीची सोंड इतकी तोकडी उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाज संतापला आणि 1912च्या रुपयावर हत्ती नव्याने कोरला गेला. पाडलेल्या सुमारे 94 लाखांपैकी सातेक लाखच बाजारात गेले होते, उरलेले वितळवले. दुर्मीळ, म्हणूनच बनावटही पुष्कळ.

अस्सल रुपया 11.66 ग्रॅमचा. पण हा झिजेने घटलेला आणि कडीने वाढलेला, तेव्हा नुसत्या वजनावरून काय ठरवणार? काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला न टेकवता बुडवला. कोरडा 11.84, पाण्यात काटा 1.15. भागाकार, म्हणजे घनता, 10.3च्या आसपास. 91.7 टक्के चांदीला हे शोभणारं.

अर्थात चांदीतही खोटी नाणी निघतात. भिंगाखाली किनारीचे दाते स्वच्छ होते. ओतीव नाण्यावर दिसणारी बारीक छिद्रं किंवा साच्याचा जोड नव्हता. राहिला सालाचा शेवटचा आकडा. तो खरवडून 1 करणारे महाभाग आहेत, पण अंगरख्यावरचा हत्ती त्यांच्या हातचा नाही. शेजारी माझ्याकडचा 1912चा रुपया ठेवला. त्यावर सोंड ठळक, लोंबणारी. काकूंच्या हत्तीची पाठ झिजून सपाट झाली होती, पण तोंडाशी तो आखूड ठोंब स्पष्ट होता. रुपया अस्सल!

"मग सोनाराकडून कडी काढून घेऊ?"

"मुळीच नको. कडी गेली तरी व्रण राहील, आणि वरून पॉलिश केलं तर भाव आणखी उतरेल."

ओळखीच्या व्यापाऱ्यानेही तेच सांगितलं. चांदीच्या मोलापेक्षा बराच जास्त, पण न घासलेल्या, बिनकडीच्या रुपयाच्या पासंगालाही न पुरणारा भाव त्याने काढला. मला तो रास्त वाटला. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही अशा नाण्याला अस्सल म्हणतात, पण दर्जाचा आकडा देत नाहीत.

काकूंना भावाचं फारसं काही वाटलं नाही. त्यांची अडचण वेगळीच. "इतकी वर्षं लक्ष्मीपूजनाला मांडतेय रे, आणि त्यावर डुक्कर?"

"अहो, हत्तीच आहे तो. आणि डुक्कर म्हटलं तरी वराह म्हणजे विष्णूच की."

"मग विकत नाही," म्हणाल्या आणि रुपया पदराने पुन्हा खसाखसा पुसू लागल्या.